पान नंबर लिही

विटा

चि. सायलीस,


तुझी वही काल पोचली. चारही टिपणं दोनदा वाचली. ‘कसं झालंय ते खरंखरं सांग, आत्या’ असं चिठ्ठीत लिहिलं आहेस. अकरावी-बारावीच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे खरंखरं सांगायला मला फार आग्रह लागत नाही. अक्षर सुरेख आहे. ऱ्हस्व-दीर्घ जिथे घसरले तिथे पेन्सिलीने खुणा केल्यात. मार्क तुला चांगले पडतील. पण वहीत मला सायली कुठे भेटली नाही, आणि कादंबऱ्याही फारशा भेटल्या नाहीत.

दहावीला कवितेच्या रसग्रहणासाठी घोटून घेतलेला साचा तू जसाच्या तसा उचललास. आशयसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, आवडण्याचे कारण. बारा ओळींच्या कवितेला तो कसाबसा बसतो, दोनशे पानांच्या कादंबरीला कुठून बसणार? ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण प्रभावीपणे केले आहे’ हे वाक्य मी आजवर ‘बनगरवाडी’वर वाचलं, ‘फकिरा’वर वाचलं, ‘धग’वर वाचलं, ‘गोतावळा’वर वाचलं. पुस्तकाचं नाव तेवढं बदलतं. म्हणून तुला एकच गोष्ट सांगते: मत लिहिलंस की शेजारी पान नंबर लिही. ‘विदारक’ म्हणतेस ना, मग कुठल्या पानावर? नंबर सापडला नाही तर ते मत तुझं नव्हे, गाइडचं. खुशाल खोडून टाक.

‘श्यामची आई’वरचं टिपण सगळ्यात लांब आहे आणि सगळ्यात पोकळ. ती कादंबरी म्हणावी का ह्यावर वाद होऊ शकतो, पण तुमच्या सरांनी यादीत घातली आहे तर असू दे. ‘प्रत्येकाने आईवर प्रेम केले पाहिजे’ हे कळायला बेचाळीस रात्री वाचाव्या लागत नाहीत. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. इतक्या झपाट्याने लिहिलेल्या मजकुरात माणूस काय काय सांगून जातो ते बघायचं असतं. अळणी भाजीची गोष्ट घे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलांनाही बोलू देत नाहीत, आणि आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. ही गोष्ट आईची की वडिलांची? घरात एरवी कर्जाने माणसं गांजलेली आहेत, सावकाराचा तगादा आहे, पत मातीला मिळाली आहे. अशा घरात हा माणूस बायकोचं मन मोडू नये म्हणून बिनमिठाची भाजी खातो. तुझ्या टिपणात वडील एकदाही आले नाहीत. कर्जही नाही. कर्ज वगळून ‘श्यामची आई’ वाचली की उरतात फक्त सुविचार.

आता ‘बनगरवाडी’. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा आमच्या बाजूचा मुलूख आहे आणि तू त्याच्यावर दीड पानात आटोपतं घेतलंस.

शेकूला बैल एकच. शेताची कामं अंगावर आलेली, आणि जोडीला दुसरा बैल कुठून मिळत नाही. तेव्हा त्याची बायको जुवाला स्वतःचा खांदा लावते. ह्यावर तू लिहिलंस, ‘स्त्रीच्या त्यागाचे प्रतीक’. प्रतीक नंतर कर गं, आधी बाई तर बघ! जू हे बैलाच्या मानेसाठी घडवलेलं लाकूड. एका टोकाला बैल, दुसऱ्या टोकाला बाई. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी, ओढण्याची रीत वेगळी. बैल सवयीने चालतो, तिला प्रत्येक पाऊल रोवावं लागत असणार. कादंबरीचा निवेदक असलेला मास्तर हे बघतो आणि आपल्याला सांगतो. माडगूळकर तिथे गळा काढत नाहीत. ते रेखाचित्रंही काढत, आणि लिहितानाही हात तसाच चाले: चार रेघा ओढायच्या आणि कागद कोरा सोडायचा. तू त्या कोऱ्या जागेत ‘त्याग’ असा रबरी शिक्का मारलास. ती बाई त्याग करते आहे असं तिला वाटत असेल का? की रान पडीक राहील एवढीच तिला धास्ती आहे? हा प्रश्न वहीत आला असता तर मी तिथे लाल पेनाने गोल काढला असता, आणि तो शाबासकीचा असता.

दुसरी गोष्ट. तालमीच्या इमारतीसाठी राजेसाहेब वाडीत येतात हा भाग तुला ‘काहीसा कल्पनारम्य’ वाटला. तो कल्पनारम्य नाही. आटपाडीचा हा मुलूख औंध संस्थानात होता आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी व्यायामाचे भक्त होते. सूर्यनमस्काराचा त्यांनी देशभर प्रचार केला, त्यावर पुस्तक लिहिलं, शाळांतून नमस्कार घालायला लावले. १९३९ साली ह्याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना केली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंती नसलेली वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ तू आजोबांबरोबर टीव्हीवर पाहिलास, त्याच्या मुळाशी ती वसाहत आहे आणि त्याची कथा माडगूळकरांच्या थोरल्या भावाची, म्हणजे गदिमांची. तेव्हा धनगरांच्या वाडीत तालीम बांधायची आणि राजाला बोलवायचं हे त्या मास्तरला सुचणं अगदी तिथलं, त्या काळचं आहे.

पण माझ्या मते कादंबरीची खरी मेख ह्याच तालमीत आहे. मेंढरांमागे चालणाऱ्या लोकांना मास्तर एक न चालणारी वस्तू बांधायला लावतो. लोक बांधतातही, हौसेने, अंगमेहनतीने. मग पाऊस दगा देतो, चारा संपतो, माणसं जनावरं घेऊन जगायला बाहेर पडतात, आणि वाडी ओस पडते. मास्तर चुकला का? मला नाही वाटत. वाडीवाले चुकले? तेही नाही. कुणीच चुकलेलं नसताना सगळं विस्कटतं, हे माडगूळकरांना १९५५ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिता आलं. तू मात्र ‘दुष्काळामुळे कादंबरीचा शेवट दुःखद होतो’ असं लिहून मोकळी झालीस.

दिवाळीनंतर इकडे ये. आमच्या रस्त्याने अजूनही धनगरांचे वाडे उतरतात. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवतात, भोवती वाघर लावतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. त्यांच्या बायकांशी बोल. मात्र आटपाडीला जाऊन पुस्तकातली वाडी शोधू नकोस. टेंभूच्या योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. माडगूळकरांचं माळरान आता पुस्तकातच जास्त शाबूत आहे.

‘पण लक्षात कोण घेतो’वर तू दोन वाक्यांत निकाल दिलास: पूर्वी स्त्रियांवर अन्याय होत असे, आज परिस्थिती बदलली आहे. हे ‘पूर्वी’ मला खटकलं. हरिभाऊंनी ही कादंबरी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९०पासून हप्त्याहप्त्याने छापली. ती वाचणाऱ्यांना त्यात ‘पूर्वी’ काहीच नव्हतं. १८९०लाच मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. १८९१ला संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं वय दहावरून बारावर नेलं, आणि त्यावरून पुण्यात रणं माजली. सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये म्हणून टिळक विरोधात उभे राहिले. ज्या घरात ह्या वादावर तावातावाने बोलणं चाललेलं, त्याच घरात शनिवार-रविवारी कुणीतरी ह्या कादंबरीतल्या यमूचा पुढचा हप्ता वाचत असेल, आणि माजघरात एखादी यमू कान देऊन ऐकत असेल. असं डोळ्यांपुढे आणून वाच, म्हणजे ते पुस्तक ऐतिहासिक राहत नाही.

आणखी एक. तुझ्या टिपणातली यमू पहिल्यापासून रडते. पुस्तकातली यमू तशी नाही. ती खेळते, भावाशी भांडते, मैत्रिणीशी कुजबुजते, आणि मुंबईला नवऱ्याबरोबर वेगळ्या बिऱ्हाडात राहायला गेल्यावर तर सुखाने वाचन करते. पंचविशीतला एक पुरुष एका मुलीच्या तोंडून इतकं बोलतो आणि ते बऱ्याच ठिकाणी खोटं वाटत नाही, हे नवल आहे. (काही ठिकाणी वाटतं. पाल्हाळ तर भरपूर. तुझ्या वयात मीही मधली पानं उडवली असती, उडवायला हरकत नाही, फक्त उडवलेली पानं ‘वाचली’ म्हणू नयेत.) सुखाचे दिवस इतके भरून सांगितले म्हणून पुढचं केशवपन सोसवत नाही. तेव्हा मला सांग, तुला भीती वाटायला कुठल्या पानावर सुरुवात झाली? आता काहीतरी वाईट होणार हे केव्हा कळलं? ते पान शोध, तिथून टिपण सुरू कर.

राहिली ‘कोसला’. तुझ्या अख्ख्या वहीतलं एकमेव जिवंत वाक्य ह्या टिपणात आहे आणि ते तू खोडून टाकलंस. रबर नीट फिरलेलं नाही, वही उजेडात तिरकी धरली तर वाचता येतं: ‘हा मुलगा काही करत का नाही? मला ऐंशी पानांनंतर कंटाळा आला.’ त्याच्यावर पेनाने ‘आधुनिक युवकाच्या अस्तित्ववादी जाणिवेचे दर्शन’. सायली, अस्तित्ववाद म्हणजे काय हे तुला माहीत नाही, आणि अकरावीत माहीत असायला हवं असंही नाही. पण तो खोडलेला प्रश्न खराखुरा आहे. १९६३मध्ये पुस्तक आलं तेव्हापासून शहाणीसुरती माणसं त्याच प्रश्नावर एकमेकांशी भांडत आली आहेत.

तोच प्रश्न घेऊन परत वाच. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, वडिलांच्या पैशावर होस्टेलला राहतो, मेसच्या कारभारात पडतो, परीक्षेत आपटतो, घरी परततो. तो ‘काही करत नाही’ हे खरं की जे करतो ते अंगाशी येतं म्हणून पुढे करणं सोडतो? मग मनीचा मृत्यू येतो, धाकट्या बहिणीचा, देवी येऊन. तिथवर हा मुलगा सगळ्या जगाची टिंगल करत असतो. मनी गेल्यावरची पानं मोठ्याने वाच, शक्यतो एकटी असताना. टिंगल चालू राहते का? कंटाळा राहतो का? राहिला तर तसं लिही, माझी ना नाही. ‘मला कंटाळा आला’ हे समीक्षेचं वाक्य आहे, फक्त ते तिथेच थांबवायचं नाही. लेखक कंटाळवाणा आहे की तो कंटाळ्याबद्दल लिहितो आहे, हे ठरवायला पुस्तकात पुन्हा शिरावं लागतं. तू स्वतः कोल्हापूरला होस्टेलवर राहतेस, महिन्याच्या शेवटी कुणाकडून उसने घेतेस ते तुझं तुला ठाऊक. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेलं हे पुस्तक तुझ्या सरांपेक्षा तुला जास्त कळण्याची शक्यता आहे.

सर मार्क कापतील ही भीती मनात असेल. काही सर कापतात, खोटं कशाला सांगू? परीक्षेत साच्यातलं लिही, चार मार्क पदरात पाड. पण ही वही परीक्षेची नाही. इथे तरी साचा बाजूला ठेव. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी टिपणं फोनला सांगून लिहून घेतली असतील, आणि ती तुझ्या टिपणांसारखीच गुळगुळीत असणार. तुझं टिपण त्यांच्यातून वेगळं काढता आलं नाही तर दोष सरांचा नाही. पुस्तक संपेपर्यंत गाइड उघडू नकोस, प्रस्तावनाही शेवटी वाच. वाचताना थबकलीस तर समासात बारीक टिंब दे (लायब्ररीच्या पुस्तकात नाही, तिथे चिठ्ठी घाल). आठवड्याने त्या टिंबांपाशी परत जा. निम्म्या ठिकाणी आपण का थांबलो ते आठवणार नाही. उरलेल्या निम्म्यांवर टिपण होतं. आणि आवृत्ती कुठली तेही टाक, नाहीतर तुझं पान नंबर त्र्याण्णव माझ्या प्रतीत भलतीकडेच निघायचं.

वहीबरोबर विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ पाठवते आहे. १९३९चं पुस्तक, युरोपातून निघालेल्या बोटीवर घडतं. नाझींपासून पळणारी एक ज्यू मुलगी आणि चक्रधर नावाचा एक मराठी माणूस. लहानसं आहे, दोन बैठकांत होईल. ह्याच्यावर टिपण लिहायचं नाही. वाचून झालं की रविवारी सकाळी फोन कर, दहानंतर, आधी मी नळाच्या पाण्यात अडकलेली असते. चक्रधरचा तुला राग आला की नाही एवढंच मी विचारणार आहे.

‘कोसला’चं टिपण मात्र पुन्हा लिहून पाठव. बाकी तीन राहू देत.

तुझी,
आत्या