काम दासाचे, देह स्वामीचा : कल्पित यंत्रमानवाच्या रूपाविषयी एक टिपण

चित्रकथा, चित्रपट आणि बालवाङ्मय यांतून भेटणारा यंत्रमानव बहुधा देखणा असतो. रुंद खांदे, ताठ मान, चकचकीत व निर्मळ अंग. स्त्रीरूपात असेल तर कधी न ढळणारे तारुण्य. वास्तविक यंत्राला अशा देहाची मुळीच गरज नसते. मोटारींच्या कारखान्यात जोडकाम करणारा रोबोट म्हणजे केवळ एक लांब हात. त्याला ना चेहरा, ना छाती. मग कल्पनेतील यंत्राला आदर्श मानवी देह का दिला जातो? चित्रपटात त्या वेषाच्या आत बहुधा माणूसच उभा असतो, आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्याविषयी प्रेक्षकाला जवळीक वाटते, ही कारणे खरी आहेत. तथापि तेवढ्याने त्या देहाच्या निर्दोष सौंदर्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळले पाहिजे.

शब्दातच वेठ आहे

'रोबोट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगात पसरला. तो सुचविला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने करावयाचे काम. आपल्या भाषेत वेठ. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही वेठ १८४८ मध्ये संपुष्टात आली, शब्द मात्र टिकून राहिला. ज्या समाजाने वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या वेठ सोसली आणि ज्याला त्या जाचातून सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, त्या समाजाला या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

चापेक यांचे रोबोट लोखंडी नाहीत. ते हुबेहूब माणसांसारखे दिसतात. कामाला निरुपयोगी असे जे जे माणसात आहे, ते ते त्यांच्या निर्मात्याने वगळले आहे. आनंद नको, वाद्य वाजविण्याची इच्छा नको, फिरावयास जाणे नको. स्त्रीरूपी रोबोट कशासाठी, या प्रश्नाचे उत्तरही नाटकात आहे : मोलकरीण, विक्रेती, टंकलेखिका यांच्या जागी स्त्रीला पाहण्याची लोकांना सवय आहे, म्हणून तशी मागणी आहे. अखेरीस रोबोट बंड करून मानवजात संपवितात. जिवंत ठेवतात तो एकच माणूस, बांधकाम करणारा अल्क्विस्ट. कारण तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो.

देह कोणाचा?

या कल्पनेची मुळे फार जुनी आहेत. होमरच्या 'इलियड'मध्ये लंगड्या लोहार-देवाच्या, हेफेस्टसच्या, सेवेला सोन्याच्या तरुण दासी आहेत. ॲरिस्टॉटल आपल्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथात म्हणतो की, धोटे आपोआप विणू लागले तर मालकांना दासांची गरज उरणार नाही. त्याच ग्रंथात त्याचे आणखी एक मत आहे : निसर्ग दासाचा देह कष्टासाठी बळकट आणि स्वतंत्र नागरिकाचा देह ताठ, कष्टाला निरुपयोगी असा घडवू पाहतो. पुष्कळदा याच्या उलट घडते, हेही त्याला मान्य करावे लागले. ग्रीक शिल्पांनी आदर्श म्हणून पुढे ठेवलेला देह व्यायामशाळेत कमावलेला आहे, शेतात राबलेला नव्हे.

कल्पित यंत्रमानवात या दोन गोष्टी एकत्र येतात. त्याचे काम दासाचे, देह मात्र स्वामीचा किंवा स्वामीच्या आवडीचा. असे का व्हावे? राबणाऱ्या देहावर काम आपली नोंद ठेवते : हाताला घट्टे, टाचांना भेगा, वाकलेली पाठ. ही नोंद पाहणाऱ्याला प्रश्न विचारते. निर्मळ धातूचा देह ती पुसून टाकतो. तो थकत नाही, म्हातारा होत नाही, मजुरी मागत नाही. त्यामुळे सेवा घेणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही. सेवा हवी, पण सेवकाचा स्पर्श नको, ही वृत्ती जातिव्यवस्थेने आपल्याला चांगलीच दाखविली आहे.

फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन चित्रपटात भूमिगत कामगारांची दिशाभूल करण्यासाठी यंत्राला त्यांच्या विश्वासातील तरुणीचे, मारियाचे, रूप दिले जाते. पडद्यावर धातूचे भासणारे ते कवच लाकडी लगद्यासारख्या पदार्थाचे होते आणि त्याच्या आत ब्रिगिट हेल्म ही अभिनेत्री होती. त्या चकाकीच्या आड श्रमत होता तो माणसाचाच देह.

बौद्ध परंपरेतील यंत्रकन्या

आपल्या परंपरेतही अशी कथा आहे. मध्य आशियात सापडलेल्या तोखारी भाषेतील 'पुण्यवंत जातका'त एक चित्रकार एका यंत्रकाराच्या घरी पाहुणा येतो. यंत्रकार त्याच्या सेवेला एक सुंदर यंत्रकन्या ठेवतो. चित्रकार मोहून तिचा हात धरतो आणि ती तुकडे तुकडे होऊन कोसळते. लज्जित झालेला चित्रकार मग भिंतीवर स्वतः गळफास घेतल्याचे चित्र काढतो आणि यंत्रकारही फसतो. दोघांच्याही डोळ्यांनी त्यांना दगा दिला. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त नामरूपाला दोऱ्यांनी चालणाऱ्या लाकडी बाहुलीची उपमा दिली आहे. आधुनिक चित्र यंत्राला सुंदर देह देऊन मोह वाढविते. बौद्ध कथा तोच देह मोडून मोहाचा निरास करते.

यंत्र कोणाच्या मुक्तीसाठी?

यावरून यंत्र त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू ठामपणे मांडली आहे. माणसाला पशुवत जगण्यातून सोडवून संस्कृतीसाठी फुरसत मिळवून द्यावयाची असेल तर यंत्र अपरिहार्य आहे. दोष यंत्राचा नव्हे, समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या कसोटीला उतरणारे यंत्र कसे दिसते? केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करण्यासाठी 'बँडिकूट' हा रोबोट तयार केला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. त्याचे पाय कोळ्यासारखे आहेत. देखणेपणाचा लवलेशही नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरणाऱ्या माणसांचे मृत्यू थांबलेले नाहीत, आणि ती माणसे बहुतांशी कोणत्या वस्त्यांतील असतात हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्यांना वर ठेवून स्वतः खाली उतरणारे यंत्र हेच माझ्या दृष्टीने सुंदर यंत्र होय.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. घरातील मूल यंत्रमानवाचे चित्र काढील, तेव्हा त्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु तीन प्रश्नही विचारावेत. हा कोणाचे काम करतो? ते काम आज कोण करीत आहे? उद्या त्या माणसाला फुरसत मिळेल की केवळ बेकारी? चित्रातील देहाशी आपल्या आईवडिलांच्या रापलेल्या, घट्टे पडलेल्या हातांची तुलना करून ज्या मुलाला संकोच वाटत असेल, त्याला हेही सांगावे की, तो निर्दोष देह कोणाच्याही अंगावर कधीच नव्हता. हे हात मात्र खरे आहेत, आणि त्यांच्याच कष्टांवर आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण झाले आहे.