लक्षणे नसलेला रोग आणि तपासणीचे महत्त्व

हिवताप, क्षय, मधुमेह यांविषयीचे लेख आपण घरात सर्वांदेखत वाचतो. स्त्रीपुरुष संबंधांतून पसरणाऱ्या रोगांचा विषय आला की मात्र पान उलटले जाते. या रोगांना आपल्याकडे पूर्वापार ‘गुप्तरोग’ म्हणतात. लाजेमुळे माणूस हा रोग लपवितो, म्हणून तो गुप्त. पण पुष्कळदा रोग्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो, हे गुप्ततेचे दुसरे व अधिक घातक कारण आहे. ते नीट समजून घेणे हाच या लेखाचा हेतू होय.

मराठी वाचकांपुढे हा विषय शास्त्रीय दृष्टीने प्रथम मांडणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे हे प्रमुख होत. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शरीराविषयीचे अज्ञान म्हणजे नीतिमत्ता नव्हे, ही कर्व्यांची भूमिका होती.

अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे पुढे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा एक वा अधिक विकार आढळला. सर्वच विकार संसर्गजन्य नव्हते. पण सुमारे निम्म्यांचे मूळ संसर्गात होते. शंभरांपैकी ४५ जणींची कसलीच तक्रार नव्हती, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. तात्पर्य, दुखत नाही म्हणून रोग नाही, असे समजणे चुकीचे आहे.

आता काही प्रमुख रोग पाहू. उपदंश, ज्याला लोक गरमी म्हणतात, त्याचे पहिले चिन्ह म्हणजे न दुखणारा व्रण. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी तो उठतो आणि औषधाशिवायच भरून येतो. रोगी सुटकेचा निःश्वास टाकतो. रोग मात्र रक्तात राहतो आणि वर्षांनंतर हृदय वा मेंदू यांवर घाला घालू शकतो. गरोदरपणी त्यामुळे गर्भपात होतो, मृत मूल जन्मते किंवा बाळाला रोग जडतो. परमा झालेल्या पुरुषाला बहुधा लघवीस जळजळ होते व पू जातो; स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया तर दोघांतही बहुधा मुकाच असतो. उपचार न झाल्यास या दोन्ही रोगांनी गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. पुढे मूल होत नाही म्हणून सून बोल खाते. पतीची तपासणी करण्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. असा अन्याय आपल्या समाजात किती घरी झाला असेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

हे तिन्ही रोग जंतूंमुळे होतात व योग्य औषधाने बरे होतात. उपदंशाच्या प्रारंभीच्या अवस्थेत पेनिसिलिनचे एक इंजेक्शन बहुधा पुरते. परम्याच्या जंतूंना मात्र अनेक औषधे आता दाद देत नाहीत; म्हणून दुकानातून गोळ्या आणून परस्पर घेऊ नयेत. एच.आय.व्ही. समूळ बरा होत नाही, परंतु रोज नियमाने गोळ्या घेणारा मनुष्य दीर्घकाळ निरोगी जगतो. रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर तो संबंधांतून जोडीदाराला लागत नाही. हिपॅटायटिस बी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणू यांवर प्रतिबंधक लसी आहेत. निरोधाचा योग्य वापर केल्यास यांतील बहुतेक रोगांचा धोका बराच कमी होतो.

तपासणी अगदी साधी असते. उपदंश, एच.आय.व्ही. व हिपॅटायटिस बी यांसाठी थोडे रक्त पुरते. परमा व क्लॅमिडिया यांसाठी लघवी किंवा स्राव तपासतात. संसर्ग झाल्याबरोबर तो रक्तात दिसेलच असे नाही. म्हणून डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रीची ही रक्ततपासणी पहिल्या महिन्यांतच व्हावी. रोग आढळल्यास जोडीदाराचीही तपासणी व उपचार व्हावेत. एकानेच औषध घेतले तर रोग पुन्हा घरात येतो.

आपल्या नंदगड परिसरातील मंडळींनी खानापूरच्या तालुका रुग्णालयात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सरकारी समुपदेशन केंद्रांत एच.आय.व्ही.ची तपासणी विनामूल्य होते, आणि १०९७ या दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते. २०१७ च्या कायद्याने एच.आय.व्ही.च्या तपासणीस संबंधिताची संमती आवश्यक केली आहे. कायद्यातील अपवाद वगळता निदान गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा वा मुलगी, सून वा जावई तपासणीस जातो म्हटल्यास त्याच्या चारित्र्याची चौकशी करू नये. पतीकडून निर्दोष पत्नीला आणि आईकडून अजाण बालकाला हा रोग लागू शकतो. विवाह ठरविताना पत्रिकेबरोबर दोन्हीकडील रक्ततपासणीचा विचारही परस्परसंमतीने व्हावा. त्यात कोणाचाही अपमान नाही. जन्माला येणाऱ्या बाळाचे मात्र त्यात मोठे हित आहे.