पोटातला बँड आणि बीड-पुण्याच्या फेऱ्यांचा हिशेब

बीड जिल्ह्यात वजन घटवायला पोटाला बँड बसवलेला माणूस भेटलाच, तर तो बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईत ऑपरेशन करून आलेला असतो, नाहीतर परदेशात नोकरीला असताना तिकडेच बसवून परतलेला. नव्याने बँड बसवणारे आता फारसे उरलेले नाहीत. हा लेख आधी त्या जुन्या बँडवाल्यांसाठी आहे. ‘कापाकापी नाही, नको वाटला तर काढून टाका’ अशी जाहिरात वाचून अजूनही बँडचा विचार करणाऱ्यांनीही तो वाचावा. पैसे भरण्याआधी वाचावा, एवढंच.

आपल्याकडे वजन घटवण्याच्या सगळ्याच ऑपरेशनांची एकत्र मोट बांधतात. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ऑपरेशन करून घेतलं, २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला वजन घटवायला सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हापासून ‘वजनाचं ऑपरेशन’ हा शब्द गावोगावी पोचला. पण इमानचं झालं ते स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायचा. बँडचं काम वेगळं. त्यात काही कापत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं कडं अडकवतात, सायकलच्या ट्यूबसारखं आतून पोकळ. त्यापासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर टाके घालून बसवलेल्या ‘पोर्ट’ला जोडलेली असते. पोर्टमधून सलाइन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. आपलं नेमकं कोणतं ऑपरेशन झालं हे ज्यांना सांगता येत नाही (असे पुष्कळ असतात), त्यांनी आधी डिस्चार्ज कार्ड शोधावं. बोटाला कातडीखाली कडक गोल गाठ लागत असेल, तर तो बहुधा पोर्ट.

दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा १९९३ मध्ये बेल्जियममध्ये बसवला गेला आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २०११ साली तिथल्या वजनाच्या ऑपरेशनांपैकी ३५ टक्के बँडची होती. २०१८ पर्यंत हा आकडा जेमतेम १ टक्क्यावर आला. कारण पैशाच्या भाषेत सांगतो. अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर योजनेतल्या २५ हजारांवर बँडवाल्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साडेअठरा टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, तेही सरासरी एकदा नव्हे, जवळपास चारदा. बँडवर झालेल्या एकूण खर्चातला निम्म्याच्या आसपास पैसा या दुरुस्त्यांवरच गेला. कडं घसरतं, जठराच्या भिंतीत रुततं, नळी गळते, पोर्टला जंतुसंसर्ग होतो. म्हणून बँडची किंमत पॅकेजच्या आकड्यावरून ठरवू नका, पुढच्या दहा वर्षांवरून ठरवा. आणि बीडच्या माणसाच्या बाबतीत त्या दहा वर्षांत डॉक्टरइतकाच खर्च रस्त्यावर होतो.

भरणी आणि फेऱ्या

बँड भरणं म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेऊ. तुम्हाला टेबलावर उताणं झोपवतात आणि मान उचलायला सांगतात. पोट ताठ झालं की पोर्ट हाताला लागतो. डॉक्टर दोन बोटांत तो धरतात, कातडी पुसतात आणि सरळ आत सुई घालतात. सुई पोर्टच्या तळाला टेकली की ‘टक’ असं जाणवतं. मग सिरिंजने अर्धा-एक मिली सलाइन जातं. लगेच उठवून बसवतात आणि ग्लासभर पाणी घोट घोट प्यायला लावतात. पाणी सुरळीत उतरलं तर घरी, छातीत अडलं तर भरलेल्यातलं थोडं परत काढतात. दहा मिनिटांचं काम.

या दहा मिनिटांसाठी बीडहून पुणे साधारण २४० किलोमीटर. पहिल्या वर्षी अशा पाच-सहा भरण्या लागतात, पुढे वर्षाला एक-दोन. जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या एसटीला एका बाजूचे चारशेच्या आसपास धरा. सोबतीसह जाऊन-येऊन सोळाशे. दोघांत एक बाई असेल तर महिला सन्मान योजनेच्या निम्म्या तिकिटामुळे बाराशे, दोघी बायका असतील तर आठशे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सोबत्याला तिकीटच नाही. पुण्यातली रिक्षा आणि जेवण मिळून हजारभर. गाडी भाड्याने केली तर किलोमीटरला तेरा रुपयांनी सव्वासहा हजार, वर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. सात हजारांच्या खाली फेरी पडत नाही. म्हणजे पहिल्या वर्षीच्या सहा फेऱ्यांना एसटीने सोळा हजारांच्या आत, गाडीने किमान बेचाळीस हजार. डॉक्टरांची फी, भरणीचे पैसे आणि कुठे कुठे भरणीच्या वेळचा एक्स-रे हे सगळं वेगळं. संभाजीनगर १३० किलोमीटरवर आहे, अंबाजोगाई-परळीकडच्यांना लातूर त्याहून जवळ. तिथला दुर्बिणीतून ऑपरेशन करणारा एखादा सर्जन जुन्या बँडची भरणी करायला तयार असेल, तर वर्षाचा खर्च निम्म्यावर येतो. फोन करून नुसतं ‘बँड भरता का’ विचारू नका. ‘ह्यूबर सुई आहे का’ असं विचारा, उत्तरावरून सगळं कळतं.

ही ह्यूबर सुई म्हणजे टोकाला किंचित वाकडी, पोर्टच्या रबराचा तुकडा न पाडणारी सुई. साध्या जाड सुईने टोचलं की रबराला भोक राहतं, सलाइन गळतं आणि पोर्ट बदलायचं ऑपरेशन गळ्यात पडतं. केमोथेरपीच्या रुग्णांच्या छातीतल्या पोर्टलाही अशीच सुई लागते, म्हणून ती कॅन्सर रुग्णालयांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत हमखास मिळते. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात चौकशी करा. काही शे रुपयांचं काम आहे. तुमच्या पोर्टला किती लांबीची लागते हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दोन सुया मुदत बघून घरात ठेवा. आणीबाणीत तालुक्याच्या डॉक्टरांकडे बाकी सगळं असतं, तेवढी सुई नसते.

आणीबाणी कशाला म्हणायचं, तर गिळलेली थुंकीही परत येतेय, पाण्याचा घोट उतरत नाही, वरच्या पोटात सारखी कळ येतेय. अशा वेळी ‘पित्त झालंय’ म्हणून दोन दिवस काढायचे नाहीत. १०८ फुकट आहे. कुठल्याही सर्जनने बँडमधलं सगळं सलाइन काढून घेतलं की बहुतेकांना तासाभरात हायसं वाटतं. पुढचं निदान मग सावकाश करता येतं. ह्यूबर मिळालीच नाही आणि जीवावर बेतलं, तर साध्या बारीक सुईनेही सलाइन काढतात. पोर्टचं नंतर बघता येतं. पाकिटात एक चिठ्ठी कायम असू द्या: बँडची कंपनी, आत एकूण किती मिली मावतं, शेवटी किती भरलं, पोर्ट कुठे आहे. काही बँडमध्ये ४ मिली मावतं, काहींत १४. चिठ्ठीशिवाय डॉक्टरला अंधारात चाचपडावं लागतं. कंपनीचं नावही उगाच नाही लिहायचं. ‘लॅप-बँड’ हा सगळ्यात खपलेला ब्रँड २०१३ मध्ये एका कंपनीकडून दुसरीकडे गेला आणि २०१८ मध्ये तिसरीकडे. जुन्या बँडचा पोर्ट बिघडला तर त्याला जुळणारा सुटा भाग मिळेलच असं धरून चालू नका.

गावातल्या डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीने सांगायची: अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, आयबुप्रोफेनच्या गोळ्या नकोत. बँडखाली आधीच दबलेल्या जठराला ही औषधं जखम करतात. पॅरासिटामॉल चालते. सलग उलट्या होत असलेल्या तापात आणि गरोदरपणात बँड सैल करून घ्यावा लागतो, म्हणजे आणखी एक फेरी.

ताटातलं

बँडवाल्यांच्या आहाराचे छापील तक्ते मिळतात. त्यांत ब्रेड, पास्ता, ओट्स. आपल्या ताटाचं काय? कोरडी ज्वारीची भाकरी मोठा घास घेतला की अडकते. तीच आमटीत कुस्करली की सुळकन खाली जाते, पण मग पोट भरल्याचं कळत नाही आणि अर्ध्या तासात पुन्हा भूक. मधला मार्ग असा: भाकरीचा बोराएवढा तुकडा, घट्ट पिठलं किंवा उसळ, पंचवीस-तीस वेळा चावून, वीस मिनिटांत जेवढं होईल तेवढंच. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. उन्हाळ्यात हे जड जातं, म्हणून जेवणांच्या मधल्या वेळात तांब्या जवळ ठेवून सारखं घोट घोट प्यायचं. गोळा झालेला भात आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी हे दोन पदार्थ छातीत बसणारे. उपासाला भगर आणि ताक बरं. सोडा, कोल्ड्रिंक बंद.

बँडला गोड ओळखता येत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. बासुंदी, आइस्क्रीम, रबडी विनातक्रार उतरतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, बालाघाटाच्या डोंगरातलं ते फळ गोडीला तोड नसलेलं. आणि बँड कितीही आवळला तरी त्याचा गर थांबत नाही. हंगामात दिवसाला चार सीताफळं खाऊन वजन वाढलं की माणूस म्हणतो बँड सैल झाला, आणि पुण्याची फेरी करतो. सात हजारांची. लग्नाच्या पंगतीत ‘एवढंच? घ्या की अजून, आमच्याकडचं आवडलं नाही का?’ या आग्रहाला तोंड द्यायचं तर आधी यजमानांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

प्रोटीन पावडरचा किलोचा डबा दोन ते साडेतीन हजारांना पडतो. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे तो लागू शकतो, पण वर्षानुवर्षं नाही. अंडी, दही, मटकी, हुलग्याचं माडगं, सोयाबीन यांत काम भागतं. मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना महिन्याला तीन ते सहा शे धरा. मोठी गोळी असेल तर चघळायची किंवा कुटून घ्यायची.

तपासण्या बीडमध्येच करा

वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर, थायरॉइड. खासगी लॅबमध्ये सगळं मिळून अडीच ते चार हजार. त्यासाठी पुणे गाठायची गरज नाही. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यात बीडचं जिल्हा रुग्णालय आलं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे सरकारी दर लागतात, पण तेही खासगीच्या मानाने किरकोळ. बँड सरकला का हे बघायला बेरियम पाजून एक्स-रे काढतात किंवा एंडोस्कोपी करतात. या दोन्हींसाठी आधी अंबाजोगाईत विचारून मग खासगीकडे वळा.

विम्याचा पेच

भरणी ही ओपीडीत होते, त्यामुळे नेहमीच्या मेडिक्लेममध्ये तिचा पैसा मिळत नाही. बँड काढणं किंवा त्याच्या जागी स्लीव्ह अथवा बायपास (वजनाचंच आणखी एक ऑपरेशन) करणं हे ऑपरेशन आहे, तिथे क्लेमचा प्रश्न येतो. विमा नियामकाने ठरवलेल्या सर्वमान्य कलमानुसार वजनाचं ऑपरेशन तेव्हाच मिळतं, जेव्हा वय १८ किंवा जास्त आहे, डॉक्टरांचा सल्ला आहे आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा वर आहे; किंवा तो ३५ असून साधे उपाय करून झालेत आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार अथवा आटोक्यात न येणारी मधुमेहाची साखर आहे. उंची पाच फूट तीन इंच असेल तर ४० म्हणजे १०२ किलो आणि ३५ म्हणजे ९० किलो. इकडे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ वर आणली, म्हणजे याच उंचीला सत्तर किलो. डॉक्टर म्हणतात ‘तुम्ही पात्र’, विमा कंपनी म्हणते ‘नाही’, आणि दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर. भांडण टाळायचं तर दाखल होण्याआधी लेखी पूर्वमंजुरी घ्या.

नवी पॉलिसी घेताना बँड लपवू नका. जुन्या आजाराची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. लपवलेलं सापडलं तर पॉलिसीच जाऊ शकते. सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या आजारांच्या यादीत आपलं ऑपरेशन बसतं का हे ऑफिसातून लेखी विचारून घ्यावं, बिल झाल्यावर नाही. महात्मा जोतिराव फुले योजनेत ते बसतं का, याची रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ वर खात्री करा.

पहिल्यांदाच ऑपरेशनला निघालेल्यांना माझं सरळ मत: बीडसारख्या ठिकाणी राहून बँड घेऊ नका. स्लीव्हला खासगीत ढोबळ अडीच ते साडेचार लाख लागतात, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या त्यालाही आयुष्यभर आहेत, पण भरणीच्या फेऱ्या नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या, वजन घटवणाऱ्या मौंजारो इंजेक्शनचा ५ मिलिग्रॅमचा डोस बाजारात आला तेव्हा आठवड्याला ४,३७५ रुपयांना होता, म्हणजे वर्षाला सव्वादोन लाखांवर. औषध थांबवलं की वजन परत येतं, हे त्या हिशेबात धरा. ज्यांचा बँड बसलेला आहे आणि त्रास नाही, त्यांनी तो उगाच काढायच्या मागे लागू नये. त्रास असेल तर कोटेशन घेताना दोन आकडे वेगळे मागा: नुसता बँड काढण्याचा, आणि काढून त्याच वेळी स्लीव्ह किंवा बायपास करण्याचा. जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या काडतुसांचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की वर लागणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या. बिल फुगतं ते बहुधा तिथेच.

महाराष्ट्रात जानेवारी २०२१ पासून खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे, तिथे फी नाही. रुग्णालयाशी वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही सुटला नाही तर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही.