खोट्या वॉर्निंगला खरं उत्तर

बेटा, लिनक्स कर्नलचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आपल्या जठारपेठेतल्या खोलीत बसूनही तुला वायफाय ड्रायव्हर सुधारता येईल. फक्त 'व्हेरिएबलमध्ये किंमत न भरताच ते वाचलं जात असेल' ही कंपायलरची वॉर्निंग खोटी वाटली, तर एवढं ध्यानात ठेव.

पहिलं, ती खोटी आहे हे आधी स्वतःला पटवून दे. व्हेरिएबल जिथे वाचलं जातं, तिथून उलटं चालत ये. प्रत्येक वाटेवर त्यात किंमत भरली जाते का, पाहा. एक जरी वाट कोरी निघाली, तर वॉर्निंग खरी आहे.

दुसरं, कंपायलर का अडला ते शोध. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी बी४३ नावाचा ड्रायव्हर आहे. त्यात आलेलं पॅकेट हाताळणारं फंक्शन फर्मवेअर-हेडरच्या प्रकारावर स्विच लावून 'मॅकस्टॅट' हे व्हेरिएबल भरतं. तिन्ही प्रकारांच्या केस तिथे आहेत. पण सी भाषेत एनममध्ये चौथी किंमतही बसू शकते, म्हणून जीसीसीला शंका येते.

तिसरं, व्हेरिएबलमध्ये सुरुवातीलाच उगाच शून्य भरून मोकळा होऊ नको बाप्पा! उद्या कुणी नवी केस लिहिताना किंमत भरायला विसरला, तर तेच शून्य बिनबोभाट पुढे जाईल. ओल आलेल्या भिंतीला चुना फासण्यातलाच हा प्रकार. वॉर्निंग गप्प करायला कर्नलमध्ये एक खास मॅक्रोच होतं. त्याच्या आड खऱ्या चुका दडत, म्हणून 2020 मध्ये ते काढून टाकलं. त्याच वर्षी लिनस तोरवाल्ड्स यांनी जीसीसीची ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमध्ये बंद केली. ती पाहायची तर मेकला 'डब्ल्यू=2' द्यावं लागतं.

चौथं, कोडची मांडणीच अशी कर की शंकेला जागा उरणार नाही. स्विच एका छोट्या फंक्शनमध्ये ने, प्रत्येक केसमधून किंमत परत कर आणि स्विचच्या खाली एरर परत कर. आत डीफॉल्ट घालू नको. म्हणजे एनममध्ये नवा प्रकार आला आणि त्याची केस राहिली, तर कंपायलर स्वतः सांगेल.

पाचवं, जीसीसी आणि क्लँग, दोन्हींवर बिल्ड करून पाहा. कमिटमध्ये कंपायलरची आवृत्ती, वॉर्निंगचा पूर्ण मजकूर आणि ती खोटी का, हे लिही. एका पॅचमध्ये एकच काम ठेव.

वॉर्निंग बंद झाली म्हणजे काम संपलं, असं समजू नको. पुढची खरी वॉर्निंग दिसेल असा कोड मागे ठेवलास, तरच दुरुस्ती झाली.