मुलगी आहे म्हणून नजरेतून सुटली

निखिल : मावशी, आमच्या कॉलेजात अकरावीत एक मूल आहे. नोंद मुलगी म्हणून, पण 'मी आलो, मी गेलो' असं बोलतं. आता ऑटिझमचं निदान झालंय. मग हे बोलणं त्याचं की ऑटिझमचं?

मावशी : निदान अकरावीत? आधी याचं उत्तर दे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

निखिल : अभ्यासात हुशार, वर्गात शांत.

मावशी : झालं! शांत मुलीला शाबासकी मिळते, तपासणी नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमबद्दल ज्या ११ मुलांवर लिहिलं, त्यांत ८ मुलगे. पुढच्याच वर्षी हान्स आस्परगर यांनी मांडलेले चौघेही मुलगेच. ऑटिझमचं चित्र तिथून मुलग्याचं झालं. मुलगा पंख्याकडे तासभर बघत बसला की घरचे धावतात. मुलीने एका मालिकेचे सगळे भाग पाठ केले, तर म्हणतात, मुलींना आवडतंच. किती वर्षं ओरडतेय मी!

माझ्याकडे अशीच एक मुलगी शिकायला यायची. बाकावरची मैत्रीण हसली की हसायची, क्षणभर उशिरा. ओढणी कशी सावरायची, पाहुण्यांकडे किती वेळ बघायचं, सगळं आरशासमोर घोटलेलं. घरी आली की गणवेश ओरबाडून काढायची आणि कपाटामागच्या फटीत जाऊन बसायची. आई म्हणे, 'शाळेत गुणी, घरीच नाटकं.' नाटक शाळेत चालायचं. मुलगी असणं असं पाहून पाहून शिकावं लागलं, की कधीतरी प्रश्न पडतोच, यातलं माझं किती? कुणाचं उत्तर येतं, 'मी मुलगीच, फक्त नक्कल पुरे.' कुणाचं येतं, 'मी मुलगी नाहीच.'

निखिल : तेच तर! नक्कल करून दमलं म्हणून तसं म्हणत असेल तर?

मावशी : तुझं घोडं तिथेच अडलंय. २०२० साली केंब्रिजच्या संशोधकांनी ६ लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली. ट्रान्सजेंडर आणि लिंगविविध व्यक्तींमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या तिप्पट ते सहापट निघालं. दोन्ही एकत्र आढळतात, एवढाच त्याचा अर्थ. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

निखिल : पण त्याला स्वतःला कळत असेल?

मावशी : पुन्हा तेच! त्याच्या गणितावर तुमचा विश्वास, त्याच्या मनावर नाही. एका डॉक्टरांनी माझ्या ऑटिस्टिक विद्यार्थिनीबद्दलचे सगळे प्रश्न तिच्यादेखत मला विचारले. एकोणीस वर्षांची होती ती! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ऑटिझम असला की तो हक्क जातो, असं त्यात कुठेही नाही.

निखिल : आणि पुढे त्याचं मत बदललं तर?

मावशी : तर तेव्हा तेही ऐकायचं. हाक बदलल्याने कुणाचं काही बिघडत नाही. औषधोपचारांचा प्रश्न आलाच, तर जाणकार डॉक्टर आहेत, घाई नको. तू मात्र 'तुला नक्की काय वाटतं?' असं मोघम विचारू नकोस. वर्गात कोणत्या नावाने हाक मारू? घरी कळलेलं चालेल का? असे नेमके प्रश्न कागदावर लिहून दे. उत्तराला वेळ दे. आणि उत्तर आलं की ते खरं का, हे मला विचारायला येऊ नकोस. तसं वागायला लाग.