पहिला गिअर टाकायच्या आधी

डिलिव्हरी शनिवारी आहे ना, मग आत्याचं थोडं ऐकून ठेव. हार घालून, नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून झालं की शोरूममधला मुलगा तुझ्या हातातून फोन घेईल, दोन मिनिटांत गाडीच्या स्क्रीनला जोडेल आणि ‘झालं मॅडम’ म्हणेल. त्याच्या हातात फोन देऊच नकोस. त्याला शेजारच्या सीटवर बसव, तो सांगेल तसं तू कर. आठवड्याभराने जोडणी तुटली की तो काही तुझ्या पार्किंगमध्ये येणार नाही. विम्याचे कागद आणि दुसरी किल्ली नीट बघून घेतेस, तितकाच वेळ स्क्रीनलाही दे. मागे दुसऱ्या कुणाची गाडी हार घालून ताटकळत असेल, असू दे.

तुझा फोन अँड्रॉइड, जावईबुवांचा आयफोन. म्हणजे तुला अँड्रॉइड ऑटो, त्यांना कारप्ले. कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो त्यानंतर वर्षभराने. दिसायला वेगळी असली तरी दोन्हींचं काम एकाच पद्धतीने चालतं: नकाशा, गाणी, मेसेज हे सगळं फोनच चालवतो, गाडीची स्क्रीन ते फक्त दाखवते आणि तू कुठे बोट लावलंस ते फोनला कळवते. एवढं लक्षात ठेवलंस तर सर्व्हिस सेंटरच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. नकाशा अडकला, गाणं तुटक वाजायला लागलं, की लोक गाडीला बोल लावतात. आधी फोन बघायचा. त्याची रेंज, त्याची बॅटरी, बॅटरी सेव्हर चालू राहिलाय का, आणि सगळ्यात आधी केबल.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटोचं वेगळं ॲप घ्यावं लागत नाही, ते फोनच्या सेटिंग्जमध्येच असतं. प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कप्प्यात दडवलंय, म्हणून शोधत बसू नकोस. सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये ‘ऑटो’ टाईप कर. आयफोनला जनरलमध्ये कारप्ले सापडेल, पण सिरी चालू हवी. ती बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही, आणि हे कारण कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. पहिली जोडणी गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, फोनचं लॉक उघडून करायची. फोन एकामागून एक परवानग्या मागेल: कॉन्टॅक्ट्स, नोटिफिकेशन, लोकेशन. वैतागून एखादी नाकारलीस तर चार दिवसांनी फोन लागणार नाहीत किंवा मेसेज दिसणार नाहीत, आणि तोवर आपण काय नाकारलं होतं ते विसरलेली असशील. फोन लॉक असतानाही अँड्रॉइड ऑटो सुरू होऊ द्यायचं की नाही, हेही तिथेच ठरवता येतं. होऊ दे, नाहीतर दर वेळी सिग्नलला फोन हातात घेऊन पॅटर्न काढत बसशील.

आता केबल. डॅशबोर्डखाली दोन-तीन यूएसबी पोर्ट असतील. सगळे सारखे नसतात. एखादा नुसता चार्जिंगचा असतो, त्यावर विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असतं. ज्याच्यावर यूएसबीचा त्रिशूळ किंवा मोबाइलचं चित्र आहे, तो डेटाचा. स्क्रीन त्यालाच ओळखते. फोनबरोबर आलेली मूळ केबल वापर, मीटरभराच्या आतली. मध्ये हब, एक्स्टेंशन असलं काही नको. सिग्नलवर किंवा टपरीवर मिळतात त्या स्वस्तातल्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो, त्यामुळे केबलवर कुणी संशय घेत नाही. घरच्या घरी तपासायचं तर त्याच केबलने फोन कॉम्प्युटरला लाव. फोनमधले फोटो तिथे दिसले तर केबल ठीक, नुसतं चार्जिंग झालं तर ती किचनमधल्या चार्जरला देऊन टाक. काही फोन केबल लावल्यावर ‘फक्त चार्जिंग’वर अडून बसतात. तेव्हा वरची पट्टी खाली ओढून फाइल ट्रान्सफर किंवा अँड्रॉइड ऑटो निवडायचं.

केबल चांगली असूनही खड्ड्यात गाडी आदळली की स्क्रीन जाते का? मग फोनचा पोर्ट टॉर्च मारून बघ. जीन्सच्या खिशातला बारीक कापूस आणि धूळ दाबून दाबून तळाशी राखाडी गादी झालेली दिसेल. पिन त्या गादीवर टेकते, पूर्ण आत जात नाही. फोन बंद कर, लाकडी दातकोरणी घे, पोर्टच्या कडेकडेने हलक्या हाताने उकर. टाचणी, सुई, सेफ्टी पिन अजिबात नाही. आतले संपर्क वाकले तर दुरुस्तीचा खर्च येतो. सगळा कापूस निघाला की पिन आत जाताना टक् असा आवाज येतो. लोक नवी केबल घेतात, फोन बदलतात, पण दातकोरणी कुणाला सुचत नाही.

वायरलेसची हौस आहे तुला, माहीत आहे मला. सुटसुटीत आहेच ते. फोन आणि गाडी एकमेकांना ब्लूटूथवरून ओळखतात आणि मग सगळं काम पाच गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतं. अँड्रॉइड ११ आणि पाच गिगाहर्ट्झचं वायफाय असलेल्या फोनवर ते चालतं, गाडीतही सोय हवी. घरातून निघताना बॅटरी वाचवायला वायफाय बंद करायची तुझी सवय आहे, ती सोडावी लागेल. आणि पुढे कधी व्हेरियंट ठरवायची वेळ आली तर सेल्समनच्या बोलण्यावर जाऊ नकोस, गाडीत बसून जोडून बघ. काही गाड्यांत मधल्या व्हेरियंटची छोटी स्क्रीन वायरलेस चालते आणि टॉप मॉडेलच्या मोठ्या स्क्रीनला वायर लागते. पैसे जास्त आणि वर वायरही, अशी गंमत.

माझं विचारशील तर भाजी आणायला, ऑफिसला वायरलेस. गावाला निघालो की वायर. वायरलेसवर नकाशा, डेटा, वायफाय सगळं एकदम चालू राहतं आणि फोन तापतो. त्यात तो वायरलेस चार्जरच्या खोबणीत ठेवला की आणखी तापतो. ॲपलच आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव, अकोला, नागपूरकडे बाहेरच ४२-४४ असतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग नकाशा रखडवतो. फोन डॅशबोर्डवर काचेखाली ठेवायचा नाही. एसीच्या झोतासमोर किंवा मधल्या खणात, सावलीत.

गाडीत दोन फोन असले की भांडण ठरलेलं. किल्ली तुझ्या हातात, पण जावईबुवा आधी बसले तर स्क्रीन त्यांचा फोन उचलते आणि तुझा नकाशा गायब. गाडीच्या सेटिंगमध्ये पहिल्या पसंतीचा फोन ठरवता येत असेल तर ठरवून टाक. नाहीतर शेजारी बसणाऱ्याने आपलं ब्लूटूथ निघायच्या आधी बंद करायचं, हा घरचा नियम करा. जोडणी पार बिघडली तर एकाच बाजूने डिलीट करून भागत नाही. फोनमधून गाडी काढायची, गाडीतून फोन काढायचा, दोन्ही बंद-चालू करायचं आणि पहिल्यापासून जोडायचं.

मेसेजचं एक सांगायचं राहिलंच. नव्या मेसेजची पहिली ओळ स्क्रीनवर दिसू द्यायची की नाही, हे अँड्रॉइड ऑटोमध्ये ठरवता येतं. आयफोनवर तर सिरी आलेला मेसेज आपणहून मोठ्याने वाचू शकते. आपल्या घरच्या ग्रुपवर तुझी आई लिहिणार, ‘त्यांच्याकडे जेवायला थांबू नका, भाजीत गूळ घालतात’, आणि मागच्या सीटवर नेमके तेच बसलेले असणार. दोन्ही सोयी पहिल्याच दिवशी बंद करा आणि घरचे ग्रुप गाडीपुरते म्यूट.

नकाशाचं मात्र नीट ऐक. जायचं ठिकाण गाडी सुरू करायच्या आधी टाकायचं. सोसायटीच्या गेटवर नाही, आपल्या पार्किंगमध्ये, पहिला गिअर टाकायच्या आधी. आणि नाव टाकलं की येईल तो पहिला पर्याय दाबायचा नाही. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव मावळ आहे. पिंपळगाव तर जिल्ह्याजिल्ह्यात सापडेल. तालुका बघ, किलोमीटर बघ. लग्नाला जायचं असेल तर पत्रिकेवरून कार्यालयाचं नाव टाइप करण्यापेक्षा यजमानांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवून घे आणि ते उघडून मार्ग सुरू कर. टोल टाळायचा पर्याय कधी चुकून चालू राहिलेला असतो. मुंबईला निघालेली गाडी मग एक्स्प्रेसवे सोडून जुन्या हायवेवरून घाट उतरते आणि घरातले सगळे नकाशाला शिव्या घालतात.

कोकणात उतरायचं असेल तर आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव. ताम्हिणीत मुळशीच्या पुढे रेंज येते-जाते, वरंध्यातही तेच. निघतानाच मार्ग लावला असेल तर रेंज गेली तरी बाण पुढे सरकत राहतो. पण एखादं वळण चुकलं तर नवा रस्ता दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. उतरवलेला नकाशा असेल तर तो रस्ता काढून देतो. वाहतुकीची कोंडी मात्र रेंजशिवाय कळणार नाही. हे उतरवलेले नकाशे काही काळाने शिळे होतात, फोन ते अपडेट करा म्हणतो. केलेस की बरं.

बोगद्यात बाण अडखळतो, त्याला घाबरू नकोस, बाहेर पडलं की येतो ठिकाणावर. उड्डाणपुलाचं मात्र जपून. आपण पुलावर आहोत की खाली, हे त्याला कधी कधी कळत नाही, आणि चांदणी चौकासारख्या ठिकाणी इतके रॅम्प आहेत की एक चुकला की थेट मुंबईच्या दिशेला लागतेस. तिथे पोचायच्या आधी शेजारच्या माणसाला पुढची वळणं वाचून ठेवायला सांग. एकटी असलीस तर तिथे स्क्रीनकडे बघायचंच नाही, रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या.

नकाशावर विसंबण्यावरून आठवलं. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. नकाशावर तो रस्ता जवळचा दिसत होता. गाडी चालवणारा बुडाला, सोबतचे पोहून बाहेर आले. गावातल्या लोकांना तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे माहीत होतं, नकाशाला नव्हतं. त्यामुळे अंधार पडल्यावर अनोळखी भागात दहा-पंधरा मिनिटं वाचवणारा आडरस्ता घ्यायचाच नाही. मोठ्या रस्त्यानेच जायचं. रस्ता अरुंद होत चालला, समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही, की थांबून टपरीवर विचारायचं. विचारण्यात कसली लाज?

बारीकसारीक दोन गोष्टी. नकाशातल्या बाईचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगवेगळा असतो. ती बोलत असतानाच आवाजाचं बटण फिरवलंस तर तिचा आवाज बदलतो, एरवी गाण्याचा. आणि स्टिअरिंगवरचं व्हॉइस कमांडचं बटण बऱ्याच गाड्यांत नुसतं दाबलं तर गाडीची स्वतःची बाई बोलते, दाबून धरलं तर फोनमधली. फोन लावायचा, ठिकाण बदलायचं ते दाबून धरून, तोंडाने. फोन हातात घेऊन बोलणं हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमात फक्त रस्ता शोधण्यासाठी तो वापरायची मुभा आली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. चौकातला पोलीस तुझ्या हातातला फोन बघणार. त्यावर नकाशा होता की रील, ते सांगत बसायची वेळ कशाला आणायची?

दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या जुन्या गाडीलाही स्क्रीन बसवायचं घाटतंय म्हणे. त्यांना सांग, नाना पेठेत जा, पण दुकानदार ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणाला की अँड्रॉइड ऑटो आलंच असं धरू नका. ती नुसती टॅबलेटसारखी स्क्रीनही असू शकते, स्वतःचं यूट्यूब चालवणारी. अँड्रॉइड ऑटो दुकानातच आपल्या फोनवर चालवून बघायचं. आणि बसवताना मूळ वायरी कापायच्या नाहीत. त्या त्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो मागायचा. थोडे पैसे जास्त पडतात, पण पुढे रिव्हर्स कॅमेरा किंवा हॉर्न बंद पडला की कापलेली वायर शोधत बसावं लागत नाही. चालत्या गाडीत समोर व्हिडिओ लावून देतो म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडायचं.

गाडी सर्व्हिसिंगला देताना फोनची नोंद काढायची गरज नाही, पण विकताना स्क्रीनच्या सेटिंगमधून सगळं रिसेट कर. ब्लूटूथवरून गाडीत उतरलेली कॉन्टॅक्ट्सची यादी आणि कॉल हिस्टरी तिथे राहू शकते. गोव्याला जाऊन भाड्याची गाडी घ्याल तेव्हा तिच्यातली यादी उघडून बघ, आधीच्या चार-पाच पाहुण्यांचे फोन नावासकट सापडतील. परत करताना आपली नोंद तेवढी डिलीट कर, आणि केबल काढून घे. ती हमखास तिथेच राहते.