धुरावर चालणारा भाता

चूल नीट पेटत नसली की आपण काय करतो? फुंकणी घेतो आणि फुंकर घालतो. लाकूड तेच, चूलही तीच. पण हवा जास्त मिळाली की जाळ भडकतो. लोहाराचा भाता हेच काम करतो.

डिझेल इंजिनाचेही असेच आहे. नुसते डिझेल जळत नाही, त्याला हवा लागते. आणि ती किती? एक लिटर डिझेल पुरते जाळायला सुमारे १०,००० लिटर हवा लागते. टाकीत आपण डिझेल भरतो, त्याचे पैसे मोजतो, म्हणून ते ध्यानात राहते. हवा फुकट मिळते. तिची आठवण कोणी ठेवत नाही.

साधे इंजिन हवा आपल्या दमाने ओढते. पिस्टन खाली जातो, हवा आत येते. जेवढी आली तेवढी आली. टाटाच्या जुन्या ट्रकांतले ६९७ नावाचे इंजिन घ्या. यातला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरची रुंदी, ९७ मिलिमीटर. सहाही सिलिंडर मिळून एका वेळी सुमारे पावणेसहा लिटर हवा मावते. त्याहून जास्त हवा साध्या इंजिनाला मिळायची नाही.

त्यात आपल्या नागपूरचा उन्हाळा. हवा तापली की पातळ होते. थंडीत पहाटे १५ अंश असतात, मे महिन्यात दुपारी ४५ होतात. तेवढ्याच जागेत मे महिन्याची हवा वजनाने सुमारे एक दशांश कमी भरते. म्हणून भरलेला जुना ट्रक उन्हात चढ चढताना काळा धूर सोडतो. तो धूर म्हणजे हवा न मिळाल्याने अर्धवट जळालेले डिझेल. म्हणजे आपलेच पैसे, बरे का!

यावर तोड काढली आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस माणसाने. १९०५ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. त्याने पाहिले की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात पुष्कळ जोर असतो आणि तो फुकट जातो. त्या धुराने एक चाक फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवायचे. त्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. झाला भाता! हा भाता धुरावरच चालतो. यालाच टर्बो म्हणतात. पण कल्पना सुचली तरी ती जमायला वीस वर्षे गेली. १९२५ साली ब्युखीने त्याच इंजिनातून ४० टक्के जास्त ताकद काढून दाखवली.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. थोरल्या भावाकडे जुना ट्रक होता, साध्या इंजिनाचा. कळमन्याहून संत्री भरायची आणि अमरावतीच्या रस्त्याने मुंबईकडे न्यायची. तळेगावच्या घाटात ट्रक बैलासारखा धापा टाकी. मागचे सगळे पुढे निघून जात. संत्र्याला उशीर झाला की भाव पडतो. २००८ साली भावाच्या मनात आले, आपल्या इंजिनाला टर्बो बसवावा. भंगारातून एक टर्बो त्याला स्वस्तात मिळत होता. वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे केले.

वाडीला एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी टर्बोकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "आधी इंजिनचा जीव पाहू, मंग टर्बोचं बोलू. फाटक्या पोत्यात तांदूळ भरून काय फायदा?"

त्यांनी इंजिन सुरू केले आणि तेल भरायचे झाकण उघडले. भकभक वाफ बाहेर आली. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. दाब खाली गळत होता. अशा इंजिनात जास्त हवा कोंबली तर ती खालीच गळणार आणि टर्बोचे तेलही अडवणार. भावाने आधी रिंगा आणि लायनर बदलले. पाटल्यांचे निम्मे पैसे तिथेच गेले.

मग मिस्त्रींनी भंगारातला टर्बो परत पाठवला. तो मोठ्या इंजिनाचा होता. टर्बो इंजिनाच्या मापाचा हवा. फार मोठा घेतला तर धुराला तो लवकर फिरवता येत नाही आणि घाटात उपयोग होत नाही. फार लहान घेतला तर धुराची वाटच कोंडते.

टर्बो बसवताना सगळ्यात जास्त काळजी तेलाची. घरातला छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो. टर्बोचा दांडा लाखभर घेतो! तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल एक क्षण बंद पडले तर दांडा घासतो आणि जळतो. तेल येते दाबाने, बारीक नळीतून. पण परत जाते ते नुसत्या उताराने. म्हणून परतीची नळी चांगली जाड हवी आणि सरळ खाली उतरलेली हवी. चेंबरमध्ये ती तेलाच्या पातळीच्या वर सोडावी लागते.

दुसरी गोष्ट कागदाची. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. भावाने आधी आरटीओत अर्ज केला, मंजुरी घेतली, मगच काम सुरू झाले.

ट्रक तयार झाला. पंपाला मिस्त्रींनी हात लावला नाही. डिझेल होते तेवढेच ठेवले. काळा धूर गेला. घाटात इंजिन पूर्वीइतके तापेना. ताकद मात्र थोडीच वाढली. मिस्त्री म्हणाले, "एवढ्यावर समाधान माना, भाऊ."

भावाने ऐकले नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे जाऊन पंप उघडून घेतला. डिझेल वाढवले. आता काय विचारता! घाटात ट्रक पळू लागला. वीस-पंचवीस दिवस घरात आनंदीआनंद. मग एका दुपारी त्याच घाटात इंजिन खडखडले आणि बंद पडले. खोलले तर एका पिस्टनला मधोमध भोक. बोट आरपार जाईल एवढे.

असे का झाले? हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हाताला लागतो तो चटका आठवा. उन्हाळ्यातली ४० अंशांची हवा टर्बोतून निघते तेव्हा शंभराच्याही वर जाते. त्यात डिझेल वाढवले. साध्या इंजिनाचा पिस्टन एवढ्या आगीसाठी बनवलेला नसतो. कारखाना जेव्हा टर्बोचे इंजिन बनवतो, तेव्हा पिस्टनही वेगळा घालतो. पुष्कळ इंजिनांत पिस्टनवर खालून तेलाची धार मारून त्याला थंड ठेवतात. दाबलेली हवा गार करायला पुढे जाळीही बसवतात. आणि धुराच्या नळीत उष्णता मोजायचा काटा असता, तर भावाला आधीच कळले असते. काटा सातशे अंशांच्या वर टिकून राहू लागला की पाय उचलायचा.

विहिरीवरच्या पाच घोड्यांच्या इंजिनाला टर्बो बसेल का, असे काही शेतकरी विचारतात. एकाच सिलिंडरचा धूर थांबून थांबून येतो. टर्बोला लागतो तसा सलग जोर त्याला नसतो. पाणी कमी पडत असेल तर मोठे इंजिन घेणे सोपे.

भावाने पुन्हा पिस्टन घातले आणि पंप पहिल्यासारखा करून घेतला. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागले. वहिनी तेव्हा फार बोलल्या नाहीत, पण भोकाचा पिस्टन त्यांनी फेकू दिला नाही. तो देवळीत ठेवला आहे.

अलीकडे मी भावाबरोबर कोंढाळीपर्यंत गेलो होतो. धाब्यापाशी ट्रक थांबला. भाऊ खाली उतरेना. इंजिन नुसते धिम्या चालीवर सुरू ठेवले होते. लगेच बंद केले तर तेल थांबते, पण टर्बोचे तापलेले चाक मात्र फिरतच राहते. धाब्यावरचा पोरगा ओरडला, "ओ काका, बंद करा ना गाडी! चहा थंडा होऊन राहिला!" भावाने दोन बोटे वर केली. दोन मिनिटे.